सात खाचांची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. जुनी म्हणजे तशी काही मोडकी नाही हं, गळ्याजवळ एक टवका तेवढा उडालाय, त्याचीही गोष्ट आहे, ती येईलच. तर मी तपकिरी काचेची, वीतभर उंच, राहायला अल्लीपूरला, चतुराबाईच्या घरात, चुलीमागच्या फळीवर. सध्या माझ्या पोटात वांग्याचं बी आहे, राखेत घोळवलेलं. पण एके काळी माझ्या पोटात लोखंड होतं. खरं सांगते, प्यायचं लोखंड! आणि त्यापायी या घरात जे काही झालं ना, ते आठवलं की अजून माझा जीव चरफडतो. कारण मला सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं, आणि सांगता काहीच येत नव्हतं. बाटलीला तोंड असतं, पण त्यात बूच असतं, मित्रांनो.

जन्म माझा भट्टीतला. लालभडक काचेचा गोळा साच्यात पडला, आत हवा भरली, झाले मी. मग माझ्यात खोकल्याचं औषध आलं, ते चतुराबाईच्या नवऱ्यानं, लक्ष्मणरावांनी, एका हिवाळ्यात संपवलं, आणि पुढं दोन वर्षं मी कोनाड्यात रिकामी. रिकाम्या बाटलीला कोण विचारतं? माझ्यात एक कोळी राहायला आला होता. तेवढीच सोबत.

मग एकोणीसशे सत्त्याहत्तरचा आषाढ आला. दर गुरुवारी दवाखान्याची जीप गावात यायची, ग्रामपंचायतीसमोर उभी राहायची, आणि आतून एक डाक्टरीणबाई उतरायच्या. त्यांच्याकडे गेली जयवंता. जयवंता म्हणजे चतुराबाईची थोरली सून, किसनरावांची बायको. पाचवा महिना लागलेला. दोन पावलं चालली की धाप, खुरपं घेऊन बसली की डोळ्यांपुढं अंधारी. डाक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत लाल असायला हवं तिथं कणकेसारखं पांढरं. म्हणाल्या, बाई, तुझ्या अंगात रक्तच नाही, बाळंतपणापर्यंत ते वाढलं नाही तर तुझ्याही जिवाला धोका आणि बाळाच्याही. घरी माणसं किती, कामं काय, खातेस काय, सगळं विचारून कार्डावर लिहिलं, आणि म्हणाल्या, बाटली घेऊन ये.

तेव्हा औषधाला बाटली घरूनच न्यावी लागायची ना! जयवंता धावत आली, कोळ्याला हाकललं, मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि पदराखाली धरून नेलं. कंपाउंडरनं माझ्यात नारिंगी औषध ओतलं. मग कागदाची एक लांब पट्टी घेतली, तिची कड कातरीनं खाच खाच कापली आणि खळीनं माझ्या अंगाला चिकटवली. सात खाचा. सात दिवसांच्या सात. डाक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं: एका दिवशी एक खाच, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी, जेवणानंतर. जेवताना लिंबू पिळून घे. चहासोबत घेऊ नको. शौचाला काळं होईल, घाबरू नको. जयवंता जमिनीकडं पाहत दर वेळी "हो बाई" म्हणाली.

किती खूश होते मी! सात दिवस, एक बाई. काम ठरलेलं, माणूस ठरलेलं. मला वाटलं, आता मी हिची पापणी लाल करून दाखवते की नाही पाहाच.

आणि मग घरी गेलो.

आता चतुराबाईबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला वाईट म्हणाल, आणि ती वाईट नाही. तिच्या लहानपणी म्हणे एक साल असं आलं होतं की घरात दिवसाला एकच भाकर व्हायची. तिची माय ती भाकर दोऱ्यानं कापायची, कोणाचा तुकडा रतीभर मोठा होऊ नये म्हणून. तेव्हापासून चतुराबाईचा कायदा होता: जे घरात येईल ते सगळ्यांत वाटायचं, एकट्यानं काही खायचं नाही. नागपूरचं संत्रं आलं तर फोडी मोजून. सालं बैलाला. हिंगणघाटच्या बाजारात भाजी विकून किसनरावानं पाव किलो जिलबी आणली तर तिचेही सारखे वाटे, शेवटी पाक उरला तर बोट बुडवायची पाळीसुद्धा ठरलेली. आणि या कायद्याचा तिला फार अभिमान होता.

तिनं मला उजेडात धरलं. वाचता येत नव्हतं, पण खाचांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एक, दोन, तीन... सात. मग घरातली माणसं मोजली. म्हातारे लक्ष्मणराव, ती स्वतः, किसनराव, जयवंता, धाकटा बंडूजी, त्याची बायको कुंताबाई, आणि जयवंताचा तीन वर्षांचा चिंधू. सात!

"पाह्य वं जयवंते," ती म्हणाली, "डाक्टरीन हुशार हाय. घरी मान्सं किती थे इचारूनच खाचा पाडल्या तिनं."

जयवंता म्हणाली, "आत्याबाई, थे दिवसाचं..." आणि थांबली.

"दिवसाचं काय? तू एकटी पेशीन अन् बाकीच्यायनं तोंडाकडं पाह्यचं?"

झालं. जयवंतानं मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत मी रिकामी! बंडूजीनं तर वाटी चाटली. हिला म्हणून दिलेला आठवडा सात जणांनी एका संध्याकाळी पिऊन टाकला, आणि हिच्या वाट्याला एक दिवस आला. मी फळीवर बसून नुसती धुमसत होते.

दुसऱ्या दिवशी काय झालं सांगू? शुक्रवार होता. पहाटे एकेक जण टमरेल घेऊन वावराकडं गेला आणि एकेक जण गुपचूप परत आला. लक्ष्मणराव खाटेवर बसून पोटावर हात फिरवत राहिले. शेवटी बंडूजीनं कुंताबाईच्या कानात सांगितलं, तर ती म्हणाली, माह्यबी तसंच. दुपारपर्यंत कळलं की घरात सगळ्यांनाच डांबरासारखं काळं झालंय. अख्खं घर भ्यालं. आता जयवंताला माहीत होतं ना! डाक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण सासऱ्यासमोर, दिरासमोर असली गोष्ट तोंडातून काढायची कशी? लाजेनं मेली असती ती. गप्प बसली. मी तर काय, बुचासकट गप्पच.

पुढच्या गुरुवारी जयवंतानं मला परत भरून आणलं, परत सात वाटे, परत शुक्रवारी काळं. चतुराबाई म्हणाली, शुक्रवारीच होऊन राह्यलं म्हंजे देवीचंच काहीतरी हाय. आणि त्या सालात घरोघरी संतोषीमातेचे शुक्रवार चालू होते, गूळ-फुटाण्याचा प्रसाद, आंबट म्हणून तोंडात घालायचं नाही. चतुराबाईनं सोळा शुक्रवार बोलले. बरं, शुक्रवारपुरतं आंबट बंद ठेवलं असतं तर ठीक. पण नाही! कोणाच्या तोंडात चुकून जाऊ नये म्हणून तिनं आंबट घरातूनच काढलं. लिंबं गेली, चिंच गेली, आणि विरजणाचं गाडगं उचलून शेजारच्या अनुसयाबाईला देऊन टाकलं.

ते गाडगं माझ्या शेजारी बसायचं हो! वर्षानुवर्षं त्यात रोज दही लागायचं, रोज ताक व्हायचं, सगळं घर प्यायचं. गेलं. आणि लिंबू गेलं म्हणजे माझं अर्धं बळ गेलं. जयवंताला मिळणारा तो आठवड्याचा एक घोट, तोही आता धड अंगी लागणार नव्हता.

अजून पुढं आहे. चिंधूचं सांगायचंय. चिंधूच्या आधीची जयवंताची दोन लेकरं गेली होती, म्हणून याचं नाव चिंधू, चिंधीसारखं, म्हणजे मरणाला नकोसं वाटावं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालेलं, आणि पोराचं पोट पंधरा दिवसांपासून बिघडलेलं. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. तर तिसऱ्या गुरुवारी वाटे झाले, जयवंतानं आपली वाटी घेतली, चुलीच्या आडोशाला गेली, आणि चिंधूला जवळ ओढून त्याच्या ओठांना लावली.

"घे बापा," ती म्हणाली, "माह्या हिश्श्याचं. ताकद येते यानं."

त्याचा वाटा तो आधीच प्यालेला. वर हा मोठ्या माणसाचा दुसरा वाटा! मी फळीवरून ओरडत होते, अगं नको, अगं ते तुझं आहे, अगं त्याचं पोट बिघडलंय. कोण ऐकणार? चौथ्या गुरुवारी तिनं परत तेच केलं.

त्याच दिवसांत एक गंमत झाली होती, तीही ऐकून ठेवा, पुढं लागेल. किसनरावानं वांग्याच्या वाफ्यात निंदण न करताच, म्हणजे तण न उपटताच, खत टाकलं. घाई होती म्हणे. आठ दिवसांत तण असं मातलं की वांगं शोधावं लागे. चतुराबाईनं त्याला जेवताना, झोपताना, बैल सोडताना, अशी एकही वेळ टोमण्याशिवाय सोडली नाही. म्हणायची, "वांगे नाई, गवत घेऊन जाजो बाजारात."

पाचव्या गुरुवारची सकाळ. रात्रभरात चिंधू अकरा वेळा जाऊन आला होता. डोळे खोल गेले, ओठ कोरडे पडले, रडायला लागला तर आसू येईना. जयवंता त्याला मांडीवर घेऊन बसलेली आणि शेजारी मी, कारण तिला मला भरायला न्यायचं होतं. चतुराबाईची नजर माझ्यावर पडली. "ह्या बाटलीनंच केलं," म्हणाली आणि मला उचलून अशी भिरकावली की मी थेट उकिरड्यावर. दगडाला लागले. हा टवका तेव्हाचा.

आणि मित्रांनो, सगळ्यात जास्त राग मला याचा आला की ती थोडी खरं बोलत होती. चिंधूला माझंच औषध बाधलं होतं. पण माझा काय गुन्हा? मी त्याच्यासाठी आलेच नव्हते.

जयवंता लेकराला घेऊन जीपकडं धावली. डाक्टरीणबाई त्यांच्यासोबत घरीच आल्या. स्वतः पाणी उकळायला लावलं, त्यात साखर-मीठ घातलं आणि जयवंताला म्हणाल्या, चमचा चमचा पाज, थांबू नको. दुपार झाली. मला उकिरड्यावरून अंगण दिसत होतं. डोळ्यांवर शेणाचा थर, तरी दिसत होतं. चिंधूनं ओकलं, परत पाजलं, परत ओकलं, परत पाजलं. उन्हं कलली तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि भाकर मागितली. किसनराव भिंतीला टेकून खाली बसला.

मग डाक्टरीणबाईंनी विचारलं, याला खायला-प्यायला काय काय दिलं? आणि हळूहळू सगळं निघालं. सात खाचा, सात वाटे, शुक्रवार, विरजणाचं गाडगं. त्या हसल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानते. त्या चतुराबाईला म्हणाल्या, "आजी, निंदण न करता खत टाकलं तर काय होतं?"

सगळ्यांनी किसनरावाकडं पाहिलं.

"तन मातते," चतुराबाई म्हणाली. "इचारा याले."

"मग ऐका. पोराच्या पोटात आता तण आहे. गढूळ पाण्यातून गेलेले वाईट जंतू. लोखंड आपल्याला लागतं तसं त्या जंतूंनाही लागतं. एवढंसं पोट, त्यानं उचललं तेवढं उचललं, बाकीचं त्याच्या आतड्याला बोचलं आणि तणाला खत झालं."

मग त्यांनी सांगितलं की पोटात चांगले जंतूही असतात, पिकासारखे. ताकात असतात ना, तसलेच काही. पीक दाट असलं की तणाला जागा कमी मिळते. म्हणून लेकराला आधी पाणी, पेज, ताक. पोट सुधारलं की मग त्याचं त्याला बेताचं औषध, तपासून. घरात ताक आहे ना, त्यांनी विचारलं, आणि चतुराबाई अनुसयाबाईच्या घराकडं पाहायला लागली.

तेवढ्यात डाक्टरीणबाईंनी जयवंताची पापणी ओढली. महिन्यापूर्वी कणकेसारखी होती, आता चुन्यासारखी.

"सातातला एक वाटा तर तुझा होता ना," त्या म्हणाल्या. "तोही नाही प्यालीस?"

जयवंतानं चिंधूच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "दोन गुरुवार... चिंधूले देल्लं."

मला वाटलं आता सासू हिला फाडून खाते. पण चतुराबाई खाली बसली. पदर तोंडाशी धरला. आणि असं काही बोलली जे लक्ष्मणरावांनीसुद्धा चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"माह्यी माय दोऱ्यानं भाकर कापे," ती म्हणाली. "वाटे सारखे. पन सोताचा तुकडा थेबी आम्हालेच दे. अन् आमच्यातली थेच पह्यले गेली."

मग ती उठली. चालत उकिरड्यावर आली, हातानं शेण बाजूला केलं आणि मला काढलं. राखेनं घासलं, दोनदा, तीनदा, माझा टवका तिच्या बोटाला लागला, रक्त आलं, तरी घासत राहिली. मला कंपाउंडरकडं तीच घेऊन गेली. येताना अनुसयाबाईकडून विरजणाचं गाडगं परत मागून आणलं. कुंताबाईनं घाबरत विचारलं, सोळा शुक्रवारांचं कसं, तर म्हणाली, "शुक्रवार माह्ये हायेत, मी करीन. देवीचं मी पाह्यन. तुमी ताक प्या."

त्या दिवसापासून काय थाट सांगू माझा! रोज सकाळ-संध्याकाळ जेवण झालं की चतुराबाई मला खाली काढायची, पट्टीवर नख धरून अर्धी खाच ओतायची, वाटी जयवंताच्या हातात द्यायची आणि समोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. जयवंतानं गिळलं की म्हणायची, "आ कर." जयवंता लाजायची. अनुसयाबाई कुंपणावरून हसायची, सुनेचे दात मोजून राह्यली काय वं? चतुराबाई म्हणायची, "हो, मोजतो. तुह्ये बी मोजू का?" तोंड आतून पाहिल्याशिवाय हटायची नाही. वरणात लिंबू पिळायचं, चहा लांब ठेवायचा. चिंधू भिंतीला टेकून ताक प्यायचा आणि त्याला ताकाच्या मिशा यायच्या, पांढऱ्या.

दसऱ्याच्या सुमारास डाक्टरीणबाईंनी पापणी ओढली. लाल! अगदी कुंकवाच्या बोटासारखी नाही, पण लाल. दिवाळीनंतर जयवंताला मुलगी झाली, दोघी धडधाकट. बाराव्या दिवशी तिचं नाव लीला ठेवलं, आणि चतुराबाईनं कोणी पाहत नाही असं पाहून माझ्या गळ्याला, तिथंच टवक्यावर, कुंकू लावलं.

मग काय, औषध संपलं, पट्टी सोलली, मी परत रिकामी. पण यावेळी कोळी नाही आला. पुढच्या हंगामाचं वांग्याचं बी आलं. हरकत नाही. दर साली नवं बी येतं, ते विरजणाचं गाडगं परत माझ्या शेजारी आहे, आमचं बरं चाललंय.

गोष्ट इथंच संपवली असती ना, तर किती गोड झालं असतं. पण मला खरं सांगायचंय.

नऊ वर्षांनी, शहाऐंशी साली, बंडूजी हिंगणघाटहून एक नवी बाटली घेऊन आला. चकचकीत डबा, वर पैलवानाचं चित्र, ताकदीचं औषध म्हणे, आत लोखंड आहे, जीवनसत्त्वं आहेत, काय काय आहे. दुकानदारानं सांगितलं, सगळ्यांनी घ्या, मोठ्यांनी घ्या, लहानांनी घ्या, काही नसलं झालं तरी घ्या. घरात कोणालाही काही झालेलं नव्हतं! आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली, मोठ्या डौलात.

चतुराबाई आता म्हातारी झालीय, डोळ्यांनी धड दिसत नाही. तिनं ती बाटली हातात घेतली आणि अंगठ्याचं नख काचेवरून फिरवलं. वरून खाली, खालून वर. काहीच लागेना.

"पट्टी कुठी हाय गा?" तिनं विचारलं. "कोनाची हाय हे?"

"कोनाची म्हंजे? सगळ्यायची हाय, माय," बंडूजी म्हणाला.

"सगळ्यायचं ताक अस्ते," चतुराबाई म्हणाली. "दवाई ज्याची त्याचीच अस्ते. जाय, डाक्टरीनीले दाखवून ये."

शाबास! मी आतल्या आत बिया वाजवल्या. बंडूजीनं मान डोलावली, हो माय म्हणाला, बाटली फळीवर ठेवली. म्हातारी काठी टेकत वाफ्याकडं गेली. ती कुंपणापलीकडं दिसेनाशी झाली, आणि बंडूजीनं फळीकडं हात केला, बूच उघडलं आणि उभ्या उभ्या दोन घोट घेतले. मग चौकटीतून डोकावून मुलांना हाका मारल्या.

सांगा मित्रांनो, मी काय करू? मला तोंड आहे, पण त्यात वांग्याचं बी आहे. तुमचं तोंड तर मोकळं आहे ना? मग घरात अशी बाटली आली, आणि कोणी वाटी पुढं केली, तर घ्यायच्या आधी एवढं एक विचारा. ही कोणाची आहे?